बाळंतपण कोणी केले?

आपल्या भाषेत एक मजेदार वाक्प्रयोग आहे. मूल होते ते लेकीला, पण 'बाळंतपण केले' असे म्हणते ती तिची आई. "दोन लेकींची चार बाळंतपणे केली हो मी ह्या हातांनी," असे एखाद्या आजीबाई सांगू लागल्या, तर त्यांचे व्याकरण चुकले असे कोणी म्हणत नाही. लेक बाळंत 'होते'. बाळंतपण 'करते' ती तिच्या उशापायथ्याशी बसलेली बाई. वर्गात प्रयोग शिकवताना हे उदाहरण दिले आणि "ह्या वाक्यात कर्ता कोण?" असे विचारले, की मुली हसतात आणि मुले खाली माना घालतात. मला मात्र ह्या प्रयोगात फार शहाणपण दिसते. बाईचे मोकळे होणे हे एकटीचे काम नव्हे, ते घरातल्या चार हातांचे काम आहे, हे भाषेने केव्हाच ओळखून ठेवले आहे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण, मग माहेरी रवानगी. पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे, हा जणू कायदाच. पुढे तेलपाणी, शेकशेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, जेवणानंतर बाळंतशेपा. त्यात दहा दिवसांची सुवेर. त्या दिवसांत तिला शिवायचे नाही. खोली वेगळी, अंथरूण वेगळे, भांडी वेगळी. पण शिवायचे नाही ह्याचा अर्थ एकटी टाकायची असा कोणी घेत नसे. सुईण असे, आजी असे, दाराशी ताटकळलेली धाकटी बहीण असे.

जुने ते सारे सोन्याचे होते, असे मला म्हणायचे नाही. त्या अंधाऱ्या, कोंदट खोलीत किती बाया सूतिकाज्वराने गेल्या, किती अडून गेल्या, ह्याची कोणी वही ठेवली नाही. गेलेलीच्या नावाने एक उसासा टाकायचा आणि पुढच्या वर्षी जावयाचे दुसरे लग्न ठरवायचे, अशीही आपली रीत होती. सोबत होती, नोंद नव्हती. ह्या दोन शब्दांपाशी मला पुन्हा यायचे आहे.

मग २०२० चा मार्च उजाडला.

२५ मार्चपासून सारा देश कुलूपबंद झाला. मुंबईची लोकल थांबली, एसटी थांबली, जिल्ह्याजिल्ह्यांच्या सीमांवर अडसर पडले. माहेर नकाशावर होते तिथेच राहिले, पण तिथे जायचे तर ई-पास हवा. हजारो घरांत बाळंतविडा शिवून तयार होता आणि तो घेऊन येणारी आजी दुसऱ्या जिल्ह्यात अडकली होती. रोग नवा होता. गर्भवतीला त्याची बाधा झाली तर काय होते, पोटातल्या बाळाला होतो का, अंगावर पाजावे की नाही, ह्यांतल्या एकाही प्रश्नाला त्या दिवशी कोणाजवळ पक्के उत्तर नव्हते.

ह्या काळाची पहिली आठवण निघते ती मात्र अभिमानाची आहे. पुण्याच्या मायलॅब ह्या कंपनीत मिनल दाखवे-भोसले ह्या विषाणुतज्ज्ञ बाई ह्या रोगाच्या चाचणीचा संच तयार करणाऱ्या तुकडीच्या प्रमुख होत्या. एरवी ज्या कामाला तीन-चार महिने लागावेत, ते त्यांच्या तुकडीने सहा आठवड्यांत उरकले, आणि ह्या सहा आठवड्यांत बाईंचे दिवस भरत आले होते. १८ मार्च २०२० रोजी संच तपासणीसाठी सादर झाला आणि लगोलग बाईंना मुलगी झाली. आपल्या देशात तयार झालेला तो पहिला मान्यताप्राप्त संच. पोटात बाळ असलेल्या बाईला 'तू आता नुसती बसून राहा' असे सांगणाऱ्या साऱ्या वडीलधाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा असा आहे.

त्याच चाचणीने पुढे बाळंतिणींच्या आयुष्यात वेगळाच पेच उभा केला. २०२० च्या एप्रिलात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सांगितले की, रोगाचा फैलाव असलेल्या भागांत राहणाऱ्या आणि पाच दिवसांत बाळंत होण्याचा संभव असलेल्या प्रत्येक स्त्रीची, लक्षणे असोत वा नसोत, तपासणी करावी. आणि तपासणी झाली नाही एवढ्या कारणासाठी तातडीचे बाळंतपण कोणी अडवू नये. सूचना रास्त होती. पण कागदावर 'पॉझिटिव्ह' हा शब्द उमटला, की लहानसहान प्रसूतिगृहांचे दरवाजे मिटू लागले.

माझ्या भाचीच्या वाट्याला हेच आले. राहायची ठाण्यात, दिवस जूनचे. माझी ताई साताऱ्याला. तिसऱ्या महिन्यापासून जिथे नाव घातले होते त्या प्रसूतिगृहाने "आमच्याकडे सोय नाही" असे सांगून हात वर केले. त्यांच्याकडे खरोखरच सोय नसावी. पण हे कळले ते कळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी. "मावशी, मला काही म्हणजे काहीच होत नाहीये गं," ती फोनवर म्हणाली. "ताप नाही, खोकला नाही. नुसती कागदावर आजारी आहे मी." अखेर एका सार्वजनिक रुग्णालयात जागा मिळाली. नवऱ्याला फाटकापाशी थांबवले. आत एकटी गेली ती एक पिशवी आणि एक फोन घेऊन.

रात्रभर फोनवर मी होते आणि साताऱ्याहून ताई होती. पण फोनवरून कंबर चोळता येत नाही. ते काम तिथल्या एका आयाबाईंनी केले. रुग्णालयात आयाबाईंना सगळेच मावशी म्हणतात. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात सगळी माणसे सारखीच दिसत, म्हणून जो तो पाठीवर शाईने आपले नाव लिही. ह्या बाईंनी नुसते 'मावशी' एवढेच लिहिले होते. "माझा हात धर पोरी. हातमोजा हाय, मला काय होत नाय," असे त्या म्हणत होत्या, ते मला फोनवरून ऐकू येत होते. पहाटे मुलगा झाला. ताईने आजवर त्या बाईंना पाहिलेले नाही, पण कोणी विचारले की ती सांगते, "माझ्या लेकीचं बाळंतपण मावशींनी केलं." ऐकणाऱ्याला वाटते, मावशी म्हणजे मी. मी घाईघाईने तो गैरसमज दूर करते.

सोबतीचा हा प्रश्न काही आपल्यापुरता नव्हता. न्यूयॉर्कमध्ये मार्च २०२० मध्ये काही मोठ्या रुग्णालयांनी बाळंतिणीजवळ कोणालाच येऊ न देण्याचे ठरवले. तेव्हा त्या राज्याच्या गव्हर्नरांनी त्याच महिन्यात हुकूम काढून प्रत्येकीला एक माणूस जवळ ठेवण्याची मुभा दिली. कळांच्या वेळी बाईला हवे ते माणूस तिच्याजवळ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना त्याही दिवसांत सांगत होती. सोबत म्हणजे नुसते लाड नव्हेत. ज्या बाईजवळ धीर देणारे माणूस असते तिच्या कळा थोडक्यात आटोपतात आणि शस्त्रक्रियेची वेळ कमी येते, हे पुष्कळ पाहण्यांतून दिसलेले आहे. आपल्या आजीबाईंनी ते पाहणीवाचून ओळखले होते, इतकेच.

आता नोंदीकडे वळू. मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय २०२० च्या एप्रिलात केवळ कोरोनाच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले, आणि इतरत्र दारे मिटलेल्या गर्भवतींची तिथे रीघ लागली. तिथल्या प्रसूतिविभागाने नुसती बाळंतपणे केली असती तरी त्यांचे उपकार थोडे नव्हते. पण त्यांनी परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या सोबतीने प्रत्येक स्त्रीची हकीकत टिपून ठेवली: लक्षणे कोणती, दिवस किती भरलेले, बाळाचे वजन काय, पुढे काय झाले. राज्यातील इतर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयेही ह्या कामात सामील झाली. 'प्रेगकोविड' हे त्या नोंदवहीचे नाव. मला ह्या वहीचे फार मोल वाटते. आमच्या पणज्यांसाठी जे कोणी केले नाही, ते घामाने निथळणाऱ्या पोशाखात, धुरकटलेल्या चष्म्यांआडून ह्या माणसांनी केले.

त्या वहीतून काय दिसले? पहिल्या लाटेतल्या १,१४३ आणि दुसऱ्या लाटेतल्या ३८७ स्त्रियांचा तौलनिक हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या लाटेत शेकडा १४.२ जणींनाच लक्षणे होती. दुसरीत शेकडा २८.७ जणींना. पहिल्या लाटेत दगावल्या त्या शेकडा ०.७, तर दुसरीत शेकडा ५.७. म्हणजे आठपट. आकडे रुक्ष असतात असे आपण म्हणतो. पण ह्या दोन आकड्यांतले अंतर कितीतरी घरांत रिकामा पाळणा होऊन किंवा पाळण्याजवळची रिकामी जागा होऊन राहिले आहे.

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. गरोदर बाईचे शरीर आधीच दोन जिवांसाठी श्वास घेत असते. दिवस भरत येतात तसे गर्भाशय वर चढते, छातीचा पडदा वर ढकलला जातो आणि फुफ्फुसांना पसरायला जागा कमी उरते. प्राणवायूची गरज वाढलेली, गंगाजळी घटलेली. रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्तीही ह्या काळात वाढते. निरोगी बाईला ह्यातले काही जाणवत नाही. पण फुफ्फुसावर घाला घालणारा रोग आला, की हा सारा तोल एकदम ढळतो. एरवीच्या रोग्याला पालथे झोपवून प्राणवायू वाढवता येतो. पोटुशीला पालथे कसे झोपवणार? तिला डाव्या कुशीवर वळवायचे. आणि तिचा प्राणवायू इतरांपेक्षा वरच, शेकडा ९५ च्या खाली जाऊ न देता, राखायचा. कारण तिच्या रक्तातूनच बाळाला तो पोचायचा असतो.

हे अगदीच अनपेक्षित होते असेही नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने मुंबईपासून थेट खेड्यापाड्यांपर्यंत हाहाकार केला, ते आपल्या पणज्या 'मानमोडी' म्हणून सांगत. त्या साथीतल्या १,३५० गर्भवतींची पाहणी अमेरिकेत १९१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी शेकडा २७ मृत्युमुखी पडल्या होत्या. फुफ्फुसाच्या साथीत गर्भवतीला धोका अधिक, हे शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते.

बाळाविषयीची भीती मात्र बरीचशी अनाठायी ठरली. आरंभी चीनमध्ये बाधित मातेपासून बाळ १४ दिवस वेगळे ठेवीत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही आधी तसाच सल्ला दिला आणि जुलै २०२० मध्ये तो बदलला. जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती ते सरळ होते: आईने मास्क लावावा, हात स्वच्छ धुवावेत आणि बाळाला छातीशी घेऊन पाजावे. दुधातून रोग जातो असे दिसले नाही; उलट रोगाशी लढणारी प्रतिद्रव्ये मात्र दुधातून जातात असे दिसले. पोटातच बाळाला बाधा होणे अशक्य नाही. पुण्याच्या ससून रुग्णालयात २०२० साली असे एक बाळ जन्मले. आईच्या नाकातील नमुन्यात विषाणू सापडला नाही, पण वारेत आणि बाळाच्या नाळेत तो सापडला. बाळ अत्यवस्थ झाले आणि तीन आठवड्यांच्या उपचारांनंतर बरे होऊन घरी गेले. पण असे प्रसंग विरळा. बहुतेक बाळे निरोगीच जन्मली. बाळावर संकट आले ते प्रामुख्याने आईच्या आजारपणातून: आई अत्यवस्थ झाली की अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, आणि कधी कधी पोटातच बाळ जाणे.

म्हणजे बाळाला जपायचे तर आधी आईला जपायला हवे होते. आणि ह्याच शब्दापाशी आपण सारे अडखळलो.

'जपणे' हा आपला लाडका शब्द. पोटुशीला जपायचे म्हणजे काय? हे खाऊ नको, ते उचलू नको, तिकडे जाऊ नको. हीच वृत्ती थेट औषधशास्त्रापर्यंत पोचलेली आहे. तिलाही इतिहास आहे. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध विक्रीस आले. झोपेसाठी, आणि गरोदरपणातल्या ओकाऱ्यांवर ते सर्रास देत. १९६१ च्या नोव्हेंबरात ते तिथल्या बाजारातून काढून घेतले, तोवर निरनिराळ्या देशांत मिळून दहा हजारांवर बाळे अपुऱ्या हातापायांची जन्मली होती. ह्या दुर्घटनेतून खरा धडा निघत होता तो हा की, गर्भवतीला द्यायचे औषध आधी नीट पारखून घ्या. जगाने घेतलेला धडा निराळाच निघाला: गर्भवतीला पारखण्याच्या कामातूनच वगळा. मग औषध तयार होते, इतरांना मिळते, आणि गर्भवतीची पाळी आली की डॉक्टर म्हणतात, "पुरावा नाही."

कोरोनाच्या लसीचे हेच झाले. पहिल्या मोठ्या चाचण्यांत गर्भवती नव्हत्या, म्हणून १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्याकडे लसीकरण सुरू झाले तेव्हा त्यांना आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना वगळले. ते दिवस आरोग्यसेवकांच्या पाळीचे होते. म्हणजे कोरोनाच्या कक्षात राबणारी गरोदर नर्स लसीवाचून राबत राहिली आणि तिच्या शेजारची लस घेऊन. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना दार खुले झाले, पण गर्भवतीला नाही. पाजणाऱ्या मातांना त्याच महिन्यात परवानगी मिळाली. गर्भवतींना ती मिळाली २ जुलै २०२१ रोजी. तोवर दुसरी लाट ओसरत आली होती. अमेरिकेत डिसेंबर २०२० पासूनच, इच्छा असेल त्या गर्भवतीला लस नाकारू नये, असे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने म्हटले होते. आपल्याकडे मात्र जपले ते असे.

वेगळा रस्ता शक्य होता, ह्याचे एक उदाहरण इंग्लंडात आहे. तिथल्या 'रिकव्हरी' नावाच्या मोठ्या औषधचाचणीत गर्भवतींना मुद्दाम सामावून घेतले होते. डेक्सामेथासोन ह्या स्वस्त औषधाने अत्यवस्थ रोग्यांचे प्राण वाचतात, हे जून २०२० मध्ये त्याच चाचणीने दाखवले. गर्भवतींसाठी त्यात बाळाला कमी पोचणारे त्याच जातीचे दुसरे औषध ठरवून दिले होते. इतके साधे होते ते. कोणीतरी आधी विचार करून ठेवायचा होता.

परवानगी आल्यावर गाठ पडली ती घरातल्या वडीलधाऱ्यांशी. आमच्या इमारतीतल्या एका सूनबाईंना पाचवा महिना होता. सासूबाई म्हणाल्या, "पोटात बाळ असताना कसली लस घ्यायची? काही झालं म्हणजे?" सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "आई, धनुर्वाताची सुई नाही का घेतली मी गेल्या महिन्यात? तुम्हीच आठवण केली होती." सासूबाई क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "ती जुनी हो." खरे आहे, ती जुनी आहे. गेली कित्येक दशके आपल्या गर्भवती ती घेत आल्या आणि धनुर्वाताने जाणारी ओली बाळंतीण आणि नवजात बाळ हे दृश्य दुर्मीळ झाले. प्रत्येक जुनी सुई कधीतरी नवी होतीच. कोरोनाच्या लसीचाही हिशेब पुढे जगभर झाला: गर्भपाताचे प्रमाण वाढले नाही, आणि आईची प्रतिद्रव्ये नाळेतून बाळाला पोचतात असे दिसले. आईने गरोदरपणात लस घेतली तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना ह्या रोगासाठी रुग्णालयात ठेवण्याची वेळ कमी येते, हेही अमेरिकेतल्या २०२२ च्या पाहणीत दिसून आले.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ह्या रोगाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्या टाळेबंदीत जन्मलेली मुले आता दप्तर घेऊन शाळेत जातात, आणि मास्क म्हणजे काय हे त्यांना फोटोंतून सांगावे लागते. आपण विसरत चाललो आहोत, आणि विसरणे हा सुखाचा एक भागच आहे. पण पुढची साथ केव्हातरी येईलच. इन्फ्लुएंझा तर दर पावसाळ्यात घरोघर डोकावतो. त्या वेळी पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारायला हवे, "गर्भवतींचे काय?" तो प्रश्न सहाव्या महिन्यात विचारून चालत नाही, त्या मुदतीत पोटातले मूल जन्मून मोकळे होते, किंवा होत नाही.

तज्ज्ञांनी काय करावे ते तज्ज्ञ पाहतील. आपण घरच्यांनी करण्याजोगे थोडके आहे. ह्या दिवाळीला ज्यांच्या घरी सून किंवा लेक पोटुशी असेल, त्यांनी फराळाचे ताट तिच्यापुढे ठेवताना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. कोणकोणत्या लसी घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारलेस का? आणि कळांच्या वेळी तुझ्याजवळ कोण हवे? केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ एका सोबतिणीला थांबू देण्याचे ठरवले आहे, तेव्हा नाव घालतानाच, "आमच्यातले एक माणूस आत थांबेल ना?" असे स्पष्ट विचारून ठेवावे. उत्तर टाळाटाळीचे आले तर पुन्हा विचारावे. आणि तिने आईचे नाव न घेता नवऱ्याचे घेतले, तर सासूबाईंनी रागावू नये. रुग्णालयाची परवानगी असेल तर जावईबापूंनीही करावे की एखादे बाळंतपण. भाषेची त्याला काही हरकत नाही.